रबिनालचा नाच: ग्वातेमालाच्या गावजत्रेत बघितलेलं माया लोकांचं नाटक (तुमचेही अनुभव लिहा)

रानजाई:

नमस्कार मंडळी, जानेवारीत ग्वातेमालाला जाऊन आले, तेव्हापासून लिहीन लिहीन म्हणतेय आणि राहूनच जातंय, आज सुट्टी आहे तर एका बैठकीत जमेल तेवढं टाइप करते.

अँटिग्वा गावात दोन आठवडे स्पॅनिशचा क्लास लावला होता. परत निघायच्या आधी तिकाल बघायचं, पिरॅमिडसमोर फोटो काढायचे असा साधा प्लॅन होता. पण आमच्या शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, दगड काय पुढच्या वर्षीही असतील, २५ जानेवारी जवळ आलीय, रबिनालला जा. मी म्हटलं तिथे काय आहे? तर म्हणाल्या, तिथे माया लोक आहेत. एवढंच.

रबिनाल म्हणजे बाहा वेरापास नावाच्या प्रांतातलं गाव, राजधानीहून चार-पाच तास. आधी एल रान्चोपर्यंत हायवे, मग डोंगर चढून सालामा, आणि सालामाहून मायक्रोबस. ती मायक्रोबस म्हणजे आपली वडापच, भरल्याशिवाय हलत नाही. वाटेत दोन्ही बाजूंना सुके डोंगर आणि मग खाली उतरल्यावर एकदम संत्र्यांच्या बागा. रबिनालची संत्री तिकडे फेमस आहेत, आपल्याकडे नागपूर म्हटलं की कसं डोळ्यासमोर येतं तसं.

१९ ते २५ जानेवारी सान पाब्लोची म्हणजे संत पॉलची जत्रा असते. जत्रा म्हणजे अगदी आपली जत्रा हो, पाळणे, फटाके, मिठाईचे ठेले, कर्णे, आणि सगळ्या गावात राळेचा धूर. तिथे त्या राळेला पोम म्हणतात, स्पॅनिशमध्ये कोपाल. चर्चच्या पायऱ्यांवर बायका मातीच्या भांड्यात ती जाळत बसलेल्या असतात, आणि वास इतका ओळखीचा की मला एकदम आजोळच्या देवळात आल्यासारखं झालं.

मी ज्यांच्याकडे उतरले होते त्या घरातली आजी भोपळ्याची भांडी बनवायची. म्हणजे भोपळा नाही, मोर्रो नावाच्या झाडाचं कडक कवचाचं फळ असतं, ते अर्धं कापून आतून कोरून वाळवतात. मग त्यावर नीह चोळतात. नीह म्हणजे एका किड्यापासून काढलेली पिवळसर चरबी, आपल्याकडे लाख कशी किड्यापासून मिळते तसंच काहीसं. आजीने मला तळहातावर एवढीशी घेऊन दाखवली, मेणासारखी लागते, आणि मग ती त्यात काजळी मिसळून तळव्याने गोल गोल घासत बसली, किमान वीस मिनिटं तरी, एक अक्षर न बोलता, आणि ते खडबडीत कवच माझ्या डोळ्यासमोर काळं कुळकुळीत चमकायला लागलं. वाळल्यावर टोकदार सुरीने त्यावर पानं-पक्षी कोरतात. त्याच भांड्यात सकाळी गरम आतोल दिलं, म्हणजे मक्याची पेज. तिथली पोर्सेलीनची कपबशी मी शेवटपर्यंत वापरली नाही.

आता मुख्य गोष्ट. २५ तारखेला तिथे जो नाच होतो त्याचं नाव रबिनाल आची. जुनं नाव शाहोह तून, म्हणजे तूनचा नाच, तून म्हणजे पोकळ लाकडाचा ढोल, वर चिरा पाडलेला, चामडं नाही काही नाही, काठीने वाजवायचा. सोबत दोन ट्रम्पेट. बस एवढंच संगीत. मूळ नाटक १५व्या शतकातलं, म्हणजे स्पॅनिश लोक यायच्या आधीचं. २००५ मध्ये युनेस्कोने त्याला मानवजातीच्या मौखिक आणि अमूर्त वारशाचा उत्कृष्ट नमुना म्हणून जाहीर केलं आणि २००८ मध्ये ते त्यांच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेलं. पण गावात कोणाला युनेस्कोचं फार अप्रूप दिसलं नाही, त्यांचं ते आधीपासूनच आहे.

गोष्ट अशी. रबिनालचा वीर, तोच रबिनाल आची, आणि शेजारच्या किचे राज्याचा वीर, किचे आची. या किचे वीराने रबिनालची गावं लुटलीत, लेकरं पळवायचा प्रयत्न केलाय. तो पकडला जातो, राजासमोर उभा केला जातो, खटला चालतो, आणि शेवटी त्याला देहदंड. पात्रं लाकडी मुखवट्यात, डोक्यावर पिसांचे मुकुट, हातात छोटी कुऱ्हाड आणि ढाल. राजा, त्याची सेवक व्यक्ती जी अर्धी पुरुष अर्धी स्त्री मानतात, हिरव्या पिसांची माता, आणि किल्ल्याचे राखणदार गरुड आणि जग्वार. संहितेत तेरा गरुड आणि तेरा जग्वार आहेत, नाचात एकेक येतो.

आणि आता खरं सांगते, पहिला अर्धा तास मला काही म्हणजे काही कळलं नाही. मुखवट्यामागून आवाज घुमतो, भाषा आची, तीही जुनी, माझ्या शेजारी बसलेल्या बाईंनाही निम्मी कळत नव्हती असं त्यांनीच सांगितलं. बाजूला पाळण्याचं म्युझिक सुरू. एक जण बराच वेळ बोलतो, मग ढोल-ट्रम्पेट, मग दोघं चौकोनात फेरी धरून नाचतात, मग दुसरा बराच वेळ बोलतो. मग परत. मी घड्याळ बघितलं, उठावंसं वाटलं, दोन परदेशी पर्यटक उठून गेलेही.

मग त्या बाईंनी मला एक गोष्ट सांगितली आणि माझं बघणंच बदललं. त्या म्हणाल्या, तो काय बोलतोय ते कळलं नाही तरी एक लक्षात ठेव, दुसरा उत्तर देताना आधी पहिल्याचं सगळं बोलणं परत म्हणतो. म्हणजे तू असं असं म्हणालास, आकाशासमोर म्हणालास, धरतीसमोर म्हणालास, हे सगळं पूर्ण उच्चारून झाल्यावरच तो स्वतःचं बोलायला लागतो. शत्रू आहे, त्याला मारायचं आहे, तरी त्याचा एकही शब्द गाळायचा नाही. त्यानंतर मी उठले नाही.

फोटो दोन-तीनच आहेत, विचारून काढलेले, चेहरे ओळखू येणारे टाकत नाही. तुमच्यापैकी कोणी माया गावांमध्ये असं काही बघितलं असेल तर नक्की लिहा, मेक्सिकोतलंही चालेल.

अबोली७७:

किती छान लिहिलंयस गं. ते नीह घासतानाचं वाचून हाताला मेण लागल्यासारखं झालं. प्रश्न एकच, शाकाहारी माणसाचे हाल होतात का तिकडे? मिस्टर अंडंही खात नाहीत.

रानजाई:

@अबोली७७ ताई, हाल नाही होत पण लक्ष ठेवावं लागतं. मक्याच्या तोर्तिया तर तीन्ही त्रिकाळ, ताज्या, हातावर थापलेल्या. मका आधी चुन्याच्या पाण्यात उकळून मग दळतात, हो आपला पानाला लावतो तो चुना, त्याने साल सुटते आणि पीठ चिकट होतं म्हणून न तुटता भाकरीसारखं थापता येतं. सोबत काळा घेवडा, अव्होकॅडो, तळलेली केळी, ताजं चीज. फक्त घेवडा परतताना आणि तमालमध्ये, म्हणजे मक्याच्या पिठाच्या पानात वाफवलेल्या उंड्यात, डुकराची चरबी घालतात, मान्तेका म्हणतात त्याला, तेवढं विचारून घ्या. आणि कोबानची धुरी दिलेली मिरची मिळते, चीले कोबानेरो, पाव किलो आणलीय, वरण-भातावर चिमूटभर टाकली तरी पुरते.

अनिकेत_कोथरूड:

मस्त माहिती. पण मला वाटायचं माया संस्कृती हजार वर्षांपूर्वीच नष्ट झाली, शाळेत तसंच वाचलं होतं. आणि ते २०१२ चं कॅलेंडर संपणार वगैरे. मग हे आत्ताचे लोक म्हणजे वंशज का?

मंजिरी_बॉस्टन:

@अनिकेत, हा गैरसमज फार पसरलाय म्हणून जरा सविस्तर लिहिते. ९व्या शतकाच्या आसपास तिकालसारखी माया मुलुखाच्या दक्षिणेकडच्या सखल भागातली मोठी शहरं ओस पडली हे खरं, पण माणसं कुठे गेली नाहीत. नवी राज्यं झाली, किचे, काक्चिकेल, रबिनाल ही सगळी त्यानंतरचीच. स्पॅनिश १५२४ मध्ये आले तेव्हा ती एकमेकांशी भांडत होती, त्याचाच फायदा स्पॅनिशांनी घेतला. आज ग्वातेमालात २०१८ च्या जनगणनेप्रमाणे दीड कोटीच्या आसपास लोकसंख्येत ४१.७ टक्के माया आहेत आणि २२ माया भाषा बोलल्या जातात. वंशज हा शब्दच मला चुकीचा वाटतो. आपण स्वतःला यादवकालीन मराठ्यांचे वंशज म्हणून ओळख करून देतो का? आपण मराठी आहोत एवढंच म्हणतो. तसंच ते माया आहेत.

२०१२ चं म्हणशील तर २१ डिसेंबरला त्यांच्या मोठ्या कालगणनेतलं तेरावं बक्तून, म्हणजे जवळजवळ चारशे वर्षांचा एक टप्पा, पूर्ण झालं, बास. आपली साठ संवत्सरं संपून परत प्रभव सुरू होतं तेव्हा जग बुडतं का? आणि २६० दिवसांचं कॅलेंडर तर अजून चालू आहे, वीस नावं आणि तेरा आकडे, आणि ते मोजणारे जाणकार गावोगाव आहेत. मुलाचा जन्म कोणत्या दिवशी झाला ते बघून काय काय ठरवतात. मी चिचिकास्तेनांगोला एका बाईंना माझ्या जन्मतारखेवरून दिवस काढायला सांगितला होता, त्यांनी बोटांवर मोजून सांगितला.

कुडाळचो_झील:

बरां लिवलंस गो बाय. तो चर्चसमोरचो चौक, मुखवटे, ट्रम्पेट वाचून माका आमचो धयकालो आठवलो.

आता सगळ्यांना कळेल असं लिहितो. माझे काका दशावतारात, म्हणजेच धयकाल्यात, काम करायचे. आमच्याकडे रात्रभर देवळासमोर चालतं, पण संवाद लिहिलेले नसतात, आख्यान ठरलेलं आणि बोलणं नटाच्या तोंडचं, तिथल्या तिथे. तुझ्या त्या रबिनालला उलट दिसतंय, शब्द ठरलेले. एक विचारायचं होतं, संहिता पिढ्यान् पिढ्या पाठ करतात की लिहून ठेवलीय? आणि सोंगं कोण घेतो, कोणीही की घराण्याने ठरलेली?

रानजाई:

@कुडाळचो_झील दादा, बरोबर जागी हात घातलात. दोन्ही आहे. संहिता आधी तोंडीच होती. १८५५ मध्ये ब्रासर द बूरबूर नावाचा फ्रेंच पाद्री रबिनालला होता, त्याला बार्तोलो सिस नावाच्या गावकऱ्याने ती सगळी सांगितली आणि पाद्र्याने १८६२ मध्ये पॅरिसला छापली. पण गावकरी त्या छापील पुस्तकावरून करत नाहीत. त्यांच्याकडे स्वतःची हस्तलिखित वही आहे, १९१३ मध्ये मानुएल पेरेस यांनी उतरवलेली. ती पुढे एस्तेबान शोलोप यांच्याकडे आली आणि त्यांच्याकडून त्यांच्या जावयाकडे, होसे लेओन कोलोच यांच्याकडे. म्हणजे वही जाते ती नात्याने आणि जबाबदारीने. ज्याच्याकडे वही तोच माणसं गोळा करतो, तालमी घेतो, शब्द पाठ करून घेतो.

नाचायच्या आधी व्रत असतं, ब्रह्मचर्य पाळतात, आणि एक पूजा करणारा जाणकार डोंगरांवर जाऊन परवानगी मागून येतो, मेणबत्त्या, राळ, दारू वाहून. त्यातला एक डोंगर काहयूब, नाटकातला किल्ला तोच, गावातून मान वर केली की दिसतो, वर अजून अवशेष आहेत. म्हणजे बघा, नट म्हणतोय की मी काहयूबच्या तटावरून आलो आणि काहयूब त्याच्या पाठीमागेच उभा आहे.

मंजिरी_बॉस्टन:

सोंगांवरून आठवलं म्हणून लिहिते. चिचिकास्तेनांगो आणि तोतोनिकापानकडे मोरेरिया असतात, म्हणजे नाचांचे मुखवटे आणि पोशाख भाड्याने देणारी घराणी. आपल्याकडचे ड्रेपरीवाले कसे, तसेच. तिकडे जास्त चालतो तो बाइले दे ला कोनकिस्ता, स्पॅनिश आक्रमणाचा नाच. त्यात माया वीर तेकून उमान आणि स्पॅनिश सेनापती पेद्रो दे आल्वारादो. आल्वारादोचा मुखवटा गोरा गुलाबी, सोनेरी दाढी-केस, आणि तो माया माणूसच घालून नाचतो. मी २१ डिसेंबरला सान्तो तोमासच्या जत्रेला गेले होते तेव्हा पालो वोलादोरही बघितला. एक उंच झाड तोडून आणून चौकात उभं करतात, टोकाला फिरती चौकट, आणि पायाला दोर बांधून दोघं जण उलटे गोल गोल फिरत खाली येतात. झाड तोडायच्या आधी झाडाची क्षमा मागतात. माझा जीव मुठीत आला होता, खाली एक म्हातारे गृहस्थ शांतपणे आतोल पीत बघत होते.

शंकासुर:

मी जरा वेगळं लिहितो, राग मानू नका. आम्ही मागच्या वर्षी कॅन्कूनला गेलो होतो, तिथे रिसॉर्टच्या पॅकेजमध्ये माया शो होता. आगीचे गोळे, कमरेने रबरी चेंडू मारायचा तो खेळ, रंगवलेले योद्धे, लायटिंग, दोन तास पोरं जागची हलली नाहीत. माझ्या मुलीने घरी आल्यावर लायब्ररीतून मायांवर तीन पुस्तकं आणली. रानजाईंनी लिहिलंय तसं दोन तास न कळणाऱ्या भाषेतलं बघायला किती लोक जाणार? आणि गावकऱ्यांच्या धार्मिक गोष्टीत आपण कॅमेरे घेऊन घुसणं तरी बरोबर आहे का? शोमध्ये निदान सगळं उघड आहे, तिकीट काढा आणि बघा.

रानजाई:

@शंकासुर, राग कसला, प्रश्न अगदी रास्त आहे. मुलीने तीन पुस्तकं आणली हे वाचून मला खरंच आनंद झाला. तिथे नाचणाऱ्यांना पगार मिळतो, तेही महत्त्वाचं आहे.

फरक मला जो जाणवला तो सांगते. शो तुमच्यासाठी असतो. तुम्ही कंटाळलात तर शो बदलतील, छोटा करतील, आग वाढवतील. रबिनालचा नाच माझ्यासाठी नव्हताच. शेजारच्या त्या बाईंना मी विचारलं की एवढं मोठं भाषण कोणाला ऐकू जात नाही, मग एवढ्या जोरात का बोलतात? त्या म्हणाल्या, ज्यांनी ऐकायचं ते ऐकतायत. त्यांच्यात पूर्वजांना राहवाल म्हणतात, मुखवटे म्हणजे तेच, आणि नाचाच्या दिवशी जिवंत माणसांचा आणि त्यांचा संपर्क होतो अशी श्रद्धा आहे. म्हणजे खरे प्रेक्षक ते. आपण मागच्या रांगेतले.

आणि म्हणून तुमचा दुसरा प्रश्न मला जास्त पटतो. घुसू नयेच. मी कॅमेरा बॅगेतच ठेवला होता. कोफ्रादियाच्या म्हणजे त्या संताची सेवा करणाऱ्या मंडळाच्या घरी आधी जाऊन भेटले, मेणबत्त्या दिल्या, वर्गणी दिली, बसू का विचारलं. आपल्याकडे गावच्या पालखीला पाहुणा येतो तेव्हा त्याला जे आपण सांगू तेच तिथे पाळायचं. कोणी नको म्हटलं तर नको.

एक प्रसंग सांगते. मधे थांबले तेव्हा किचे वीराचं काम करणारे गृहस्थ माझ्यापासून दहा फुटांवर बसले आणि त्यांनी मुखवटा काढला. आत चेहऱ्याभोवती रुमाल गुंडाळलेला, घामाने चिंब, नाकाच्या हाडावर लाकूड घासून लाल वळ. पन्नाशीचे असतील. त्यांच्या नातीने संत्र्याची फोड तोंडाजवळ नेली, त्यांनी खाल्ली, पण तेवढा वेळही मुखवटा खाली जमिनीवर नाही ठेवला, मांडीवर, तोंड वर करून, तळहाताचा आधार देऊन. तान्हं मूल धरतो तसा.

आबा_मोखाडा:

धागा सकाळपासून वाचतोय. रानजाई ताई, तुम्ही तो मुखवटा मांडीवर ठेवल्याचं लिहिलंत ना, तिथे मी थांबलो.

आमच्याकडे मोखाडा-जव्हारला बोहाडा असतो. होळीनंतर, गावागावाच्या तारखा वेगळ्या. रात्री टेंभे लावतात, सांबळ-पिपाणी, आणि एकेक सोंग येतं. गणपती, सरस्वती, मारुती, रावण, शेवटी देवीचं सोंग आणि म्हैसासुराशी युद्ध. सोंगं घराण्याची. अमुक सोंग अमक्याच घरी. मुखवटा घरात ठेवलेला असतो, त्याला वर्षभर दिवा. आमच्या चुलत्यांकडे एक मुखवटा आहे, तो बाहेर काढायच्या आधी नारळ फोडतात, आणि तो जमिनीवर ठेवायचा नाही हे मला लहानपणी एकदा फटका बसून कळलंय.

मागे एका मोठ्या शहरातल्या महोत्सवाला आमच्या मंडळींना बोलावलं होतं. वीस मिनिटं दिली. पूर्ण बोहाडा काही रात्री चालतो, त्याचे वीस मिनिटांत काय करायचं? मंडळी गेली, केलं, मानधन मिळालं, पण परत येताना गाडीत कोणी बोलेना. देवीचं सोंग त्यांनी नेलंच नव्हतं. म्हाताऱ्याने साफ सांगितलं, ती इथून हलणार नाही. बाकीची सोंगं नाचून आली. मला तो निर्णय तेव्हा हट्टीपणाचा वाटला होता, आज हे वाचून वेगळं वाटतंय.

अबोली७७:

आबा, अंगावर काटा आला वाचून. तुम्ही बोहाड्यावर वेगळा धागा काढाच, हक्काने सांगतेय.

मंजिरी_बॉस्टन:

आबांना +१. आणि रानजाई, तू एक गोष्ट लिहिली नाहीस, मुद्दाम का ते माहीत नाही. रबिनाल म्हटलं की मला आधी १९८२ आठवतं. लिहिशील का?

रानजाई:

हो, मुद्दामच नव्हतं लिहिलं, कसं लिहावं कळत नव्हतं. पण मंजिरी म्हणतेय ते बरोबर आहे, ते सोडून हा नाच कळत नाही.

ग्वातेमालात १९६० ते १९९६ यादवी युद्ध झालं. दोन लाखांवर माणसं मारली गेली किंवा बेपत्ता झाली, आणि सत्यशोधन आयोगाने ज्यांची पूर्ण ओळख पटवली त्यात ८३ टक्के माया होते. रबिनालचा परिसर सगळ्यात जास्त भाजला त्यातला एक. रिओ नेग्रो गावाची जमीन चिशोय धरणात जाणार होती, लोक हलायला तयार नव्हते. १३ मार्च १९८२ ला सैन्याने आणि त्यांच्यासोबतच्या गस्ती पथकाने तिथल्या ७० बायका आणि १०७ मुलं मारली. त्याच वर्षी १८ जुलैला, रविवारी, रबिनालचा बाजार करून लोक घरी निघाले होते, त्यांना प्लान दे सांचेस या वस्तीत अडवलं आणि अडीचशेच्या वर माणसं मारली. २००४ मध्ये आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयाने त्याबद्दल सरकारला जबाबदार धरून निकाल दिला.

गावात एक छोटं सामुदायिक संग्रहालय आहे, गावकऱ्यांनीच उभं केलेलं. एका खोलीत भांडी, विणकाम, नाचाचे मुखवटे. आणि दुसरीकडे भिंतीवर फोटो. ओळखपत्रावरचे काळे-पांढरे फोटो मोठे करून लावलेत, खाली नाव, गाव. काही जागी फोटोच नाही, फक्त नाव. मी २४ ला दुपारी तिथे होते. तिथून बाहेर आले तर चौकात फटाके चालू होते आणि मला दहा मिनिटं बाकावर बसून राहावं लागलं.

दुसऱ्या दिवशी ते राहवाल, पूर्वज, ऐकतायत असं त्या बाई म्हणाल्या, तेव्हा पूर्वज म्हणजे पाचशे वर्षांपूर्वीचे एवढंच माझ्या डोक्यात होतं. मग त्यांनी आपणहून सांगितलं की त्यांचे वडील आणि मोठा भाऊ त्या भिंतीवर आहेत.

कुडाळचो_झील:

...

काय बोलायचं सुचत नाही. तू वर लिहिलंयस की शत्रूचं सगळं बोलणं आधी परत म्हणायचं आणि मग निकाल द्यायचा. त्या बाजारातून घरी जाणाऱ्या माणसांना कोणी एक शब्द तरी बोलू दिला असेल का?

अनिकेत_कोथरूड:

सकाळी मी "वंशज का" विचारलं होतं, तो प्रश्न आता मागे घेतो. वाचायला काही सुचवाल का? स्पॅनिश येत नाही.

मंजिरी_बॉस्टन:

@अनिकेत, डेनिस टेडलॉक यांचा रबिनाल आचीचा इंग्रजी अनुवाद २००३ मध्ये आलाय, ते स्वतः गावात जाऊन, नाच बघून, ध्वनिमुद्रण करून केलेलं काम आहे, त्यामुळे नट कुठे थांबतो, कुठे वळतो तेही कळतं. मोठ्याने वाच, मनात वाचलंस तर कंटाळशील.

शंकासुर:

मुलीला हा धागा वाचून दाखवला (८२ चा भाग सोडून, अजून लहान आहे). तिचा प्रश्न जसाच्या तसा देतो: हे नाच पुढे कोण करणार, तिथली मुलं शिकतात का? आणि माझा प्रश्न, जायचं तर नक्की कधी पोचायचं?

रानजाई:

@शंकासुर, मुलीला माझ्याकडून शाब्बास सांगा. हीच काळजी तिथेही आहे. पोशाख, पिसं, वाजवणाऱ्यांचं मानधन, जेवणावळ, सगळ्याला पैसा लागतो, तरुण मुलं कामासाठी राजधानीत किंवा थेट अमेरिकेत जातात, आणि एवढं मोठं पाठांतर करायला वर्षं लागतात. पण मी बघितलं त्यात राजाच्या सेवकाचं काम करणारा मुलगा विशी-बाविशीचा होता. आणि चौकाच्या कडेला पाच-सहा पोरं कागदी ढाली घेऊन मागे मागे तीच फेरी धरत होती, त्यांना कोणी हाकललं नाही.

पोचायचं म्हणाल तर २३ ला संध्याकाळपर्यंत पोचा, खोल्या कमी आहेत, आधी फोन करून ठेवा. नाच फक्त चर्चसमोर होत नाही, कोफ्रादियाच्या घरांसमोरही होतो, तिथे गर्दी कमी आणि आवाज नीट ऐकू येतो. टोपी आणि पाणी न्या, ऊन चांगलंच असतं. जुलैअखेर जाणार असाल तर पुढचं गाव कुबुल्को, तिथे सान्तियागोच्या जत्रेत पालो वोलादोर असतो. मुलीला तो नक्की आवडेल.

आबा_मोखाडा:

ताई, एक राहिलं. त्या किचे वीराचं शेवटी काय होतं? म्हणजे मारतात हे कळलं. पण मरताना तो काय मागतो? आमच्या सोंगांतही राक्षस मरायच्या आधी काहीतरी मागतोच.

रानजाई:

आबा, मागतो ना. आधी राजाचं पेय चाखायला मागतो. मग हिरव्या पिसांच्या मातेबरोबर एकदा नाचायला मागतो. आणि शेवटी मागतो २६० दिवस. मंजिरीने वर लिहिलंय तेच ते पूर्ण कॅलेंडर, तेरा वेळा वीस. आपल्या डोंगरांचा आणि खोऱ्यांचा निरोप घेऊन येतो म्हणतो.

त्याला उत्तर कोणी देत नाही. मी बघितलं त्यात तो एकटाच फेरीला निघाला, चौकोनाच्या एकेका कोपऱ्यावर थांबत, आणि ढोल अगदी हळू वाजत होता. चौथ्या कोपऱ्यावरून तो पळून जाऊ शकला असता, पुढे फक्त संत्रीवालीची टोपली आणि रस्ता. तो वळला आणि स्वतःहून मधे येऊन गुडघ्यावर बसला. मग गरुड, जग्वार, बाकीचे सगळे कुऱ्हाडी घेऊन त्याच्याभोवती फिरले.

आणि मग तो उठला. मेलेला तो उठला आणि त्यांच्याच रांगेत, ज्यांनी मारलं त्यांच्या शेजारी उभा राहून नाचला. शेवटी सगळ्यांनी मिळून चर्चच्या दाराकडे तोंड करून गुडघे टेकले. माझ्या शेजारच्या बाईही टेकल्या, त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता उठताना आधाराला, म्हणून मग मीही खाली बसले.